पत्रकारितेचा अभ्यासक्रम निवडण्याआधी माजी विद्यार्थ्यांना काय विचारावं

"शिकून फायदा झाला का?" हा प्रश्न विचारूच नका. वर्षं आणि पैसे घातलेला माणूस सहसा "हो" म्हणतो, नोकरी न लागलेला "नाही". दोन्ही उत्तरांतून अभ्यासक्रमाबद्दल फारसं काही कळत नाही.

किमान 6 जणांशी बोला: दोघं नुकतेच बाहेर पडलेले, दोघं पाचेक वर्षं बातमीदारी केलेले आणि दोघं हे क्षेत्र सोडून गेलेले. संस्थेने दिलेल्या नावांवर थांबू नका, ती निवडक असतात. बायलाइन, म्हणजे बातमीवर छापलेलं बातमीदाराचं नाव, पाहून स्वतः माणसं शोधा.

प्रश्न नेमका हवा: "वर्गात शिकलेलं गेल्या आठवड्यात काय वापरलं?" नव्या मंडळींकडून कॅमेरा, एडिटिंग असं ऐकू येईल. जुने बहुधा बदनामीचा कायदा, मुलाखतीची तयारी, आकडे तपासणं सांगतील. सॉफ्टवेअर बदलत राहतं, हे टिकतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कॉपी (विद्यार्थ्याने लिहिलेली बातमी) कोण तपासायचं आणि ती किती वेळा परत यायची. जमल्यास तपासलेलं एखादं पान बघायला मागा. समासात "हे कुणी सांगितलं?", "दुसरी बाजू कुठे?" असं लिहिलेलं, इंट्रो (बातमीची सुरुवात) खोडून तिसरा परिच्छेद वर नेल्याचा बाण काढलेला दिसला, तर तिथे खरंच शिकवलं जातं. नुसतं "छान" आणि खाली गुण असतील, तर सावध व्हा.

इंटर्नशिप संस्थेने मिळवून दिली की स्वतः शोधावी लागली, तेही विचारा. आणि तिथे प्रत्यक्ष बातम्या करायला मिळाल्या, की फक्त प्रेसनोट टाइप केल्या?