सामूहिक वनहक्काचा दावा करताना उपजीविकेचे हक्क कसे नोंदवावेत, आणि शिकारीबाबत काय करावे

गावातली माणसे जंगलात जातात, मोहफुले वेचतात, पावसाळ्यात वास्ते (बांबूचे कोवळे कोंब) काढतात, डोहात जाळे टाकतात, गुरे चारतात आणि परतताना जळणाची मोळी आणतात. त्यांच्या लेखी ही सारी एकच उपजीविका असते. कायद्याच्या लेखी मात्र यांतल्या प्रत्येक गोष्टीला वेगळी जागा आहे, आणि एका गोष्टीला, म्हणजे शिकारीला, जागाच नाही. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, 2006 या कायद्याखाली दावा करणाऱ्या ग्रामसभेने हा फरक आधी समजून घ्यावा. माझ्या मते दाव्याचे बळ त्याच्या जाडीत नसते. कोण, कुठे, कोणत्या महिन्यांत, काय आणि कोणत्या रीतीने घेते, हे तो किती नेमकेपणाने सांगतो, यावर ते अवलंबून असते. पुढील मार्गदर्शन प्रामुख्याने गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया या भागांतील ग्रामसभा डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे. कायदा आणि नियम मात्र राज्यभर तेच आहेत.

पहिली पायरी ग्रामसभेची

अनुसूचित क्षेत्रात या कायद्यानुसार पाडा किंवा टोला यांनाही गाव म्हणून स्थान आहे. म्हणून चार-पाच गावांच्या गट ग्रामपंचायतीची सभा पुरेशी मानू नये. ज्या वस्तीचे जंगल, त्याच वस्तीची ग्रामसभा बोलवावी. या सभेत 10 ते 15 सदस्यांची वनहक्क समिती निवडावी. नियमांत 2012 साली झालेल्या दुरुस्तीनंतर समितीचे किमान दोन-तृतीयांश सदस्य अनुसूचित जमातींचे आणि किमान एक-तृतीयांश सदस्य महिला असणे आवश्यक आहे. सभेची गणपूर्ती गावातील एकूण सदस्यांच्या निम्म्याने होते आणि उपस्थितांपैकी किमान एक-तृतीयांश महिला असाव्या लागतात. ठरावाच्या पानावर स्त्री-पुरुषांची उपस्थिती वेगवेगळी मोजून लिहावी आणि सह्या व अंगठे त्याच दिवशी घ्यावेत.

महिलांच्या उपस्थितीकडे केवळ नियमाची पूर्तता म्हणून पाहू नये. कंद कोणत्या उतारावर मिळतात, कोणती रानभाजी कोणत्या पावसानंतर उगवते, मोहाची कोणती झाडे कोणत्या घराच्या वाट्याची समजली जातात, ही माहिती बहुधा स्त्रियांकडेच असते. ज्या दाव्यात ही माहिती नाही, तो अर्ध्या गावाचा दावा समजावा.

कोणता नमुना, कोणता हक्क

वैयक्तिक शेतजमिनीसाठी नमुना अ, सामूहिक हक्कांसाठी नमुना ब आणि सामूहिक वनसंपत्तीच्या व्यवस्थापनाच्या हक्कासाठी नमुना क आहे. अनेक गावे नमुना ब भरून थांबतात. त्यामुळे वस्तू घेण्याचा हक्क मिळतो, पण जंगल राखण्याचा, वाढवण्याचा आणि त्याचे नियम ठरवण्याचा हक्क मागायचाच राहून जातो. म्हणून ब आणि क हे दोन्ही नमुने एकत्रच भरावेत.

नमुना ब मध्ये निस्तार (जळण, चारा, लाकूड अशा घरगुती गरजांसाठी जंगलाचा रूढ वापर), गौण वनोपज, मासे व पाणवठ्यातील इतर उत्पादने, चराई आणि भटक्या व पशुपालक समाजांचे हंगामी हक्क यांसाठी वेगवेगळ्या जागा दिल्या आहेत. गौण वनोपजात बांबू, तेंदूपाने, मध, मेण, लाख, टसरचे कोष, औषधी वनस्पती आणि कंदमुळे येतात, हे कायद्यातच स्पष्ट केले आहे. या वनोपजावर ग्रामसभेचा मालकीहक्क असतो, त्यावर स्वामित्वधन किंवा अन्य शुल्क लागत नाही आणि वाहतुकीचा परवानाही ग्रामसभेची समितीच देते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला एप्रिल 2011 उजाडला, आणि त्यासाठी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांना गावात यावे लागले. आजच्या ग्रामसभांना हा परवाना मागण्यासाठी कोणाची वाट पाहण्याचे कारण नाही, कारण 2012च्या दुरुस्तीने तो अधिकार नियमांतच लिहिला गेला आहे.

वर्णन नेमके कसे लिहावे

बहुतेक दावे याच टप्प्यावर कमकुवत होतात. “आम्ही पूर्वापार जंगलावर अवलंबून आहोत” हे वाक्य खरे असले तरी पडताळणी करणाऱ्या अधिकाऱ्याला त्यातून काहीच तपासता येत नाही. त्याऐवजी, नमुन्यादाखल, असे लिहावे: “गावाच्या उत्तरेकडील नाल्यावरील खालच्या डोहात पावसाळा ओसरल्यावर, धान कापणीच्या सुमारास, गावातील सर्व घरे मिळून जाळ्याने मरळ व इतर मासे धरतात आणि ते घरटी समान वाटून घेतात. वरचा डोह गुरांच्या पाण्यासाठी राखलेला असून तेथे कोणी मासे धरत नाही. मासे अंडी घालतात त्या काळात, म्हणजे पावसाच्या पहिल्या पुरात, चढणीचे मासे धरण्यास गावाची बंदी आहे.” या तीन वाक्यांत जागा, हंगाम, साधन, वाटणी आणि मर्यादा असे सगळे येते. ते खरे असेल तेवढेच लिहावे. शेजारच्या गावाचा मजकूर उतरवून घेतल्यास पडताळणीच्या दिवशी ते उघडे पडते.

नदी-नाल्याप्रमाणे बोड्या (लहान तळी) आणि मामा तलाव (मालगुजारांच्या काळातील जुने तलाव) यांचाही उल्लेख करावा, कारण मासेमारी, शिंगाडे आणि कमळकाकडी यांच्यासाठी लोक तेथे जात असतात. मात्र तलाव वनजमिनीत आहे की महसुली जमिनीत, हे आधी पाहून घ्यावे. खेकडे, शिंपले, लाल मुंग्या, अळंबी अशा ‘किरकोळ’ वाटणाऱ्या गोष्टीही वगळू नयेत. धान्य संपलेल्या दिवसांत घराला त्यांचाच आधार असतो.

गावाच्या स्वतःच्या मर्यादाही हक्काइतक्याच काळजीने नोंदवाव्यात. माडिया आणि गोंड गावांत मरका पंडुम हा आंब्याचा सण झाल्याशिवाय नवा आंबा खात नाहीत. फळ पुरते तयार होण्याआधी ते ओरबाडले जाऊ नये, अशी सोय या रीतीत आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावच्या ग्रामसभेने हक्क मिळाल्यानंतर तेंदूपाने तोडणे स्वतःहून बंद केले, कारण तोडणीसाठी झाडांची छाटणी होते आणि आगी लावल्या जातात. गाव नियम करू शकते आणि पाळू शकते, हे दाखवणारा असा पुरावा दाव्याला फार मोलाचा ठरतो.

शिकारीबाबत

वनहक्क कायद्याच्या कलम 3(1)मध्ये, शेवटून दुसऱ्या उपखंडात, आधी न सांगितलेले इतर सर्व पारंपरिक हक्क मान्य केले आहेत. पण त्याच वाक्यात शिकार करणे, सापळ्यात पकडणे आणि वन्यप्राण्याच्या शरीराचा कोणताही भाग काढणे हे हक्क स्पष्ट शब्दांत वगळले आहेत. त्यामुळे ‘इतर हक्क’ या जागेत पारध लिहिली तरी ती मान्य होऊ शकत नाही, उलट संपूर्ण दाव्याकडे संशयाने पाहण्यास निमित्त मिळते. ज्या समाजाच्या जगण्यात आणि सणांत पारधीला शेकडो वर्षे स्थान होते, त्यांना हे कठोर वाटते आणि त्यांची ती भावना मला पूर्णपणे समजते. परंतु दाव्याचा नमुना हे त्या वादाचे ठिकाण नव्हे. कायदा बदलून घेण्याची मागणी ग्रामसभेने स्वतंत्र ठरावाने करावी.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 यातील शिकारीची व्याख्या लोक समजतात त्याहून बरीच रुंद आहे. केवळ मारणेच नव्हे, तर फास लावणे, सापळा मांडणे, विष घालणे, हाका करून प्राणी हुसकावणे, पक्ष्यांची किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी उचलणे आणि यांतील कशाचाही प्रयत्न करणे हेही तीत येते. घोरपड, खवल्या मांजर आणि मोर या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, आहेत. त्यांच्या शिकारीला 3 ते 7 वर्षांची कैद होऊ शकते. रानडुक्कर आणि ससा यांनाही संरक्षण आहे, हे तरुणांना आवर्जून सांगावे, कारण पकडले जाणारे बहुधा तेच असतात आणि खटला वर्षानुवर्षे चालतो. निकोबार बेटांवरील अनुसूचित जमातींचे शिकारीचे हक्क मात्र याच कायद्याच्या कलम 65ने अबाधित ठेवले आहेत. ती सवलत तेवढ्या बेटांपुरती आहे. तिचा आधार घेऊन गडचिरोलीत किंवा मेळघाटात कोणालाही शिकार करता येणार नाही.

पिकांची नासधूस करणाऱ्या रानडुकराबाबत वेगळी तरतूद आहे. कलम 11खाली सक्षम वन अधिकारी कारणे नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. अशी परवानगी हाती येण्यापूर्वी काहीही करू नये, आणि परवानगीने मारलेला प्राणीही सरकारी मालमत्ता ठरतो, म्हणून त्याचे मांस वाटून घेता येत नाही. जिवावर बेतल्यास स्वसंरक्षणासाठी प्राण्याला मारणे किंवा जखमी करणे हा गुन्हा नाही, मात्र घटना तत्काळ कळवावी. कुंपणात वीजप्रवाह सोडणे कोणत्याही परिस्थितीत टाळावे. त्यात माणसेही मेली आहेत. नुकसानभरपाईचा अर्ज वेळेत करणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

मग पारधीशी निगडित ज्ञानाचे काय करावे? कुळाचे देवक असलेल्या प्राण्याला त्या कुळातील माणूस हात लावत नाही, देवराईत शस्त्र नेत नाहीत, ठरावीक पाणवठ्यावर प्राण्याला कोणी त्रास देत नाही, असे जे संकेत गावात आजही पाळले जातात, ते संरक्षणाचे नियम म्हणून नमुना क सोबतच्या व्यवस्थापन आराखड्यात लिहावेत. जुनी माणसे गावाची शीव पूर्वजांच्या पारधीच्या वाटांवरून सांगतात. त्यांच्या कथनातील डोंगर, खिंड, दगड आणि नाले हद्दीच्या खुणा म्हणून घ्यावेत. शिकारीचा हक्क म्हणून काही मागू नये.

पुरावे आणि हद्दीची फेरी

प्रत्येक दाव्यासोबत किमान दोन पुरावे लागतात. पूर्वीच्या मध्य प्रांतातील गावांसाठी निस्तारपत्रक, म्हणजे गावाच्या निस्तार हक्कांची जुनी सरकारी नोंद, हा फार चांगला पुरावा आहे. त्याची प्रत तहसील किंवा जिल्हा अभिलेख कक्षातून मागून घ्यावी. जुनी राजपत्रे, जनगणनेच्या नोंदी, वन विभागाच्या कार्य आयोजना आणि भूमापनाचे नकाशे हेही चालतात. कागद नसल्यास खचून जाऊ नये, कारण देवराई, दफनभूमी, जुन्या वस्तीचे अवशेष, पारंपरिक चराईची जागा आणि वृद्धांचे लेखी जबाब हे सर्व नियम 13 मध्ये पुरावा म्हणून मान्य आहे. विशिष्ट एकाच प्रकारच्या कागदाचा आग्रह धरण्याचा अधिकार वरच्या समित्यांना नाही. जबाब देणारी व्यक्ती शक्यतो शेजारच्या गावातलीही असावी, कारण हद्दीबाबत तिच्या शब्दाला जास्त वजन असते.

हद्दीच्या फेरीची लेखी सूचना वन आणि महसूल या दोन्ही विभागांना पुरेशी आधी द्यावी व पोच घ्यावी. अधिकाऱ्यांनी जागेवर येऊन पंचनाम्यावर नाव, पदनाम आणि तारखेसह सही करणे बंधनकारक आहे. ते आले नाहीत आणि नंतर त्यांनी त्या कारणावरून हरकत घेतली, तर दावा फेरपडताळणीसाठी ग्रामसभेकडे परत येतो. दुसऱ्यांदाही ते गैरहजर राहिले तर पडताळणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम ठरतो. म्हणूनच पोच घेतलेली सूचना जपून ठेवावी. फेरीत प्रत्येक खूण, तिचे स्थानिक नाव आणि वन विभागाचा कक्ष क्रमांक एकाच ओळीत लिहावा. शेजारच्या गावाशी शिवेचा वाद निघाल्यास दोन्ही वनहक्क समित्यांनी एकत्र बसून तोडगा लेखी काढावा. एकच जंगल दोन गावे वापरत असतील, तर तसा सामायिक वापर लिहिण्यास काहीही अडचण नाही.

दावा गेल्यानंतर

ग्रामसभेचा ठराव उपविभागीय समितीकडे जातो आणि तेथून जिल्हा समितीकडे. ठरावात बदल करायचा किंवा तो फेटाळायचा झाल्यास समितीला कारणांसह आदेश द्यावा लागतो. केवळ तोंडी नकार मिळाला तर लेखी आदेश मागावा, कारण अपिलाची 60 दिवसांची मुदत असते आणि कारणे हाती नसतील तर अपील लिहिणे कठीण जाते. महाराष्ट्राच्या अनुसूचित क्षेत्रांत मे 2020 पासून जिल्हा समितीच्या निर्णयाविरुद्ध विभागीय स्तरावरील समितीकडेही दाद मागता येते.

हक्कपत्र हाती आल्यावर ते घेऊन लगेच समारंभ करू नये. आधी प्रत्येक ओळ ग्रामसभेत मोठ्याने वाचावी. क्षेत्र मागणीइतकेच आहे का, कक्ष क्रमांक सुटले आहेत का, मासे आणि चराई हे हक्क नावानिशी आले आहेत का, आणि मागणीत नसलेली एखादी अट घुसली आहे का, हे तपासावे व चूक आढळल्यास दुरुस्तीचा अर्ज त्याच आठवड्यात द्यावा. त्यानंतर महसूल आणि वन अभिलेखात या हक्कांची नोंद जास्तीत जास्त 3 महिन्यांत व्हायला हवी. ती झाली की नाही हे पाहण्याचे काम समितीतील दोन सदस्यांकडे नावाने सोपवावे आणि नोंदीची प्रमाणित प्रत ग्रामसभेच्या दप्तरात ठेवावी.