सागाची छाटणी: कोयता घरीच ठेवा

बांधावरच्या सागाचा सरळ सोटा हवा असेल तर फांदी अंगठ्याएवढी जाड व्हायच्या आत सिकॅटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, काढा. मनगटाएवढी झाली की करवतच लागते, जखम भरायला वर्षं जातात आणि लाकडात मोठी गाठ बसते. हंगाम म्हणाल तर पानगळ झाल्यावर, पालवी फुटण्याआधी. दोन शेंडे फुटून दुबेळकं झालं असेल, तर सरळ शेंडा ठेवून दुसरा उडवा. इथवर काहीच अवघड नाही.

खरी गोम आहे ती काप कुठे घ्यायचा यात. माझाही हात बसायला वेळ लागला. ‘खोडाशी सपाट घासून कापा’ असं सांगणारे गावोगाव भेटतात. त्यांचं ऐकू नका. फांदी खोडाला मिळते तिथे साल थोडी फुगून तिचं कडं झालेलं असतं. जखम भरून काढणारी साल तिथूनच वाढते. तेच कापलंत तर भोक खोडाला पडतं, फांदीला नाही. काप कड्याला लागून, पण त्याच्या बाहेर हवा.

दुसरं टोक म्हणजे वीतभर खुंट सोडणं, पुढच्या खेपेला चढायला पाय ठेवता येतो म्हणून! तो खुंट वाळतो, खोड त्याच्याभोवती वाढतं आणि फळी कापली की मेलेली गाठ सुटून पडते.

जाड फांदी एका दमात तोडायची नाही. खोडापासून हातभर अंतरावर आधी खालून थोडी चीर द्या, मग जरा पुढे वरून कापा. वजन उतरलं की उरलेला खुंट कड्याबाहेर काढा. नाहीतर पडणारी फांदी खोडाची साल खालपर्यंत सोलत नेते. कोयत्याने तर हमखास. जखमेवर डांबर, शेण काही फासू नका.

उंचीच्या वरच्या अर्ध्या भागाला हात लावू नका. एकदम फार पानं गेली तर बुंधा पोसत नाही आणि खोडभर धुमारे फुटतात. पावसाळ्यात ते कोवळे असतानाच बोटांनी खुडा. हात लाल होतात, होऊ देत. जून झाले की पुन्हा सिकॅटर आलाच.

खोड पंधरा-वीस फूट मोकळं झालं की थांबा. त्याहून वरच्या फांद्यांसाठी शिडीवर जीव टांगण्याइतकं लाकूड तिथे मिळत नाही.