डिझेल पिकअपचं डिफरेन्शियल कव्हर: मागवण्याआधी आणि बसवण्याआधी

डिफरेन्शियल कव्हर म्हणजे चाकं फिरवणाऱ्या ॲक्सलवरच्या गिअरपेटीचं, म्हणजे हौसिंगचं, झाकण. ऑर्डर देण्याआधी गाडीखाली सरका आणि कव्हरचे बोल्ट मोजा. नुसतं मॉडेल सांगून मागवणारे इथेच फसतात, कारण कव्हर गाडीला नाही, ॲक्सलला बसतं. २००१ पासूनच्या सिल्व्हरॅडो आणि सिएरा एचडी, तसंच २००३ पासूनच्या रॅम २५०० आणि ३५००, यांच्या मागे बहुतेक वेळा एएएम या अमेरिकन कंपनीचा साडेअकरा इंची ॲक्सल असतो. त्याला १४ बोल्ट. फोर्ड सुपर ड्यूटीच्या साडेदहा इंची स्टर्लिंगला १२. डाना ६०, ७० आणि ८० या तिघांनाही १०च बोल्ट, पण ८०चं कव्हर ६० किंवा ७०ला लागत नाही. तिथे हौसिंगवरचा चिखल खरवडून ओतीव आकडा वाचावा लागतो. सोबत दाराच्या चौकटीवरच्या किंवा ग्लोव्ह बॉक्समधल्या स्टिकरवरचा ॲक्सलचा कोडही टिपून ठेवा. लिमिटेड स्लिप (एक चाक घसरलं तर दुसऱ्याला जोर देणारा डिफरेन्शियल) आहे की लॉकर (दोन्ही चाकं एकत्र जखडणारा) हे त्यावरून कळतं आणि तेल घेताना तेच लागतं.

मग कव्हर कशासाठी हवंय ते ठरवा. ड्रेन प्लग नाही, दर वेळी कव्हर उघडून तेल काढावं लागतं, एवढीच अडचण असेल तर ती अगदी रास्त आहे आणि साध्या कव्हरनेही सुटते. जड ट्रेलर घेऊन घाट चढायचा असेल तर ॲल्युमिनियमचं, जास्त तेल मावणारं कव्हर बघा. मात्र जास्त तेलाने तापमान चढायला वेळ लागतो, एवढाच त्याचा भरवशाचा फायदा. तासन्‌तास ओढत राहिलात तर तापमान कुठे स्थिरावेल ते कव्हरवरून किती वारा जातो आणि आत तेल किती घुसळतं यावर ठरतं. दगडधोंड्यांतून जाणाऱ्या गाडीला थंडाव्यासाठी काढलेल्या पंखांपेक्षा जाड ओतीव लोखंड किंवा जाड पोलादी पत्रा बरा. मार बसला की ॲल्युमिनियम तडकतं, पत्र्याला नुसता पोचा पडतो.

सगळ्यात जास्त वेळ कव्हरच्या आतल्या बाजूवर घालवा. फोटोत बाहेरचे पंख दाखवतात, आतला आकार क्वचितच. गाडी पुढे जाते तेव्हा मागच्या ॲक्सलमध्ये क्राउनची (आतल्या मोठ्या गिअरची) कव्हरकडची बाजू खालून वर येते आणि तळातलं तेल स्वतःबरोबर वर खेचते. ते तेल कव्हरच्या गोलाईवरून सरकत क्राउनच्या डोक्यावरून पुढे जातं आणि टेल पिनियनच्या (क्राउन फिरवणाऱ्या छोट्या गिअरच्या) बेअरिंगपर्यंत पोचतं. मूळ कव्हरचा फुगीर गोल आकार त्यासाठीच असतो. पाठ सपाट आणि कोपरे चौकोनी असले की तेल कोपऱ्यावर आपटून मागे उसळतं, त्यात हवा मिसळते आणि फेस होतो. फेसाळलेलं तेल दातांमध्ये पातळ थर धरतं, उष्णताही कमी वाहून नेतं. म्हणून जास्त तेल मावणारं पण सपाट पाठीचं कव्हर आणि मूळ गोल कव्हर यांतून निवडायचं झालं, तर आम्ही मूळ कव्हरच ठेवायला सांगू. पुढच्या सॉलिड ॲक्सलला कव्हर पुढच्या तोंडाला असतं, तिथे क्राउन वरून खाली येतो. शिवाय तो फोर व्हील ड्राइव्हपुरताच ओझं घेतो. पुढे कव्हर निवडताना थंडाव्यापेक्षा मजबुती बघा.

काही कव्हरना बेअरिंग कॅपला (बेअरिंग जागेवर धरणाऱ्या टोपीला) टेकणारे दोन बोल्ट असतात. ते फक्त टेकवून लॉकनट आवळायचा असतो. जोर लावून आवळले तर कॅपवर नको तो ताण येतो.

आता जागेची मापं. जुन्या कव्हरच्या सगळ्यात फुगीर भागापासून स्टेपनी, सायलेन्सरचा पाइप, स्वे बार (गाडीचं कलणं रोखणारी दांडी) आणि मागे पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला आडवं सरकू न देणारा दांडा) असेल तर तो, यांची अंतरं लिहून घ्या. ॲक्सल वर उचलला जातो तेव्हा ही अंतरं घटतात, हे धरूनच मोजा. ब्रेक पाइप आणि एबीएस वायरचे ब्रॅकेट कुठल्या बोल्टांवर आहेत ते फोटो काढून ठेवा. नव्या जाड कव्हरला त्या जागी लांब बोल्ट किंवा वेगळे ब्रॅकेट लागतात. बोल्टची लांबीही आधीच तपासा. मोकळा बोल्ट हौसिंगच्या भोकात हाताने फिरवा आणि तळाला टेकेपर्यंत किती आत जातो ते मोजा. बोल्ट लांब असला तर तो तळाला अडतो, पान्याला घट्ट लागतो आणि कव्हर मात्र सैलच राहतं. आखूड असला तर दोन-तीन आट्यांवरच सगळा भार येतो आणि आटे जातात.

तेलाच्या पातळीची खूणही जुनं कव्हर गाडीवर असतानाच घ्या. ॲक्सल ट्यूबच्या मध्यापासून फिलर भोकाच्या खालच्या कडेपर्यंतचं उभं अंतर मोजा आणि नव्या कव्हरच्या फिलर भोकाशी किंवा डिपस्टिकच्या खुणेशी ताडून बघा. मोठ्या कव्हरमध्ये लिटर वाढतात, पातळीची उंची वाढता कामा नये. नवं भोक वर असेल आणि तुम्ही काठोकाठ भरलंत, तर तेल ट्यूबमध्ये चढून चाकाच्या सीलमधून ब्रेकवर येतं. गाडी उंच करायचं लिफ्ट किट लावून पिनियनचा कोन बदलला असेल तर हे माप दुप्पट काळजीने घ्या.

कव्हर हातात आलं की लगेच बसवू नका. तोंडावर सरळ पट्टी ठेवून खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघा. तोंड वाकडं असेल तर सीलंटने भागवू नका, परत पाठवा. आत ओतकामाची वाळू आणि कापाकापीचा चुरा राहिलेला असतो, गरम साबणाच्या पाण्याने ब्रशने धुऊन कोरडं करा. प्लगला ओ-रिंग आहे की निमुळते पाइपचे आटे आहेत तेही बघा. निमुळता प्लग ॲल्युमिनियममध्ये जास्त आवळला की भोकाची कड तडकते, ओ-रिंगवाला निर्धास्त.

सामान असं काढून ठेवा: मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचं जीएल-५ गिअर ऑइल, बहुधा ७५डब्ल्यू-९० किंवा ७५डब्ल्यू-१४० सिंथेटिक. साडेअकरा इंचीत मूळ कव्हरसह साडेतीन-चार लिटर बसतं, मोठं कव्हर आणखी एक ते दोन लिटर घेतं, म्हणून सहा लिटर हाताशी असू द्या. क्लचवाल्या लिमिटेड स्लिपला फ्रिक्शन मॉडिफायर (तेलात मिसळायचं क्लचसाठीचं रसायन) लागतो, जीएमच्या जी८० लॉकरमध्ये तो घालू नये. गिअर ऑइलला टिकणारं सीलंट किंवा कव्हरसोबतचं गॅस्केट, टॉर्क पाना, प्लास्टिकची खरवडणी, ब्रेक क्लीनर, धागे न सोडणारी फडकी, पसरट ट्रे, गाडी टेकवायला चार मजबूत घोड्या.

काम सुरू करताना आधी फिलर प्लग सुटतो का ते बघा. तेल काढून झाल्यावर तो अडकला तर गाडी जागेवरच राहते. बोल्ट सैल करताना वरचे दोन ठेवा आणि खालून कव्हर उचका. ट्रेमधल्या आणि चुंबकावरच्या तेलात करडी लापशी दिसली तर ती नेहमीची झीज आहे. धातूच्या चमकत्या कपच्या किंवा दाताचा तुकडा दिसला तर नवं कव्हर बाजूला ठेवा, आधी डिफरेन्शियल उघडावं लागेल. जुनं सीलंट खरवडताना आत फडकं कोंबा. घासणाऱ्या चकत्या ड्रिलला लावू नका, त्यांची पूड बेअरिंगमध्ये जाते.

सीलंट लावण्याआधी मुलांच्या खेळायच्या मातीचे चार गोळे कव्हरच्या आत, क्राउन आणि कॅप येतात तिथे चिकटवा. कव्हर चार बोल्टांवर धरून चाकं हाताने एक फेरा फिरवा, मग काढून दाबल्या गेलेल्या मातीची जाडी बघा. तीन-चार मिलिमीटर राहिली तर ठीक. कागदासारखी झाली असेल तर ते कव्हर या ॲक्सलचं नाही. बघून झाल्यावर माती पूर्ण काढा.

क्राउनवरून तेल बराच वेळ निथळत राहतं आणि हौसिंगच्या खालच्या ओठावर येतं. कव्हर बसवल्यावर खालूनच पाझरतं ते बहुतेक वेळा यामुळे. जमलं तर रात्रभर निथळू द्या आणि तोंड शेवटचं पुसून लगेच कव्हर लावा. सीलंटची तीन-चार मिलिमीटरची अखंड रेघ भोकांच्या आतल्या बाजूने फिरवा. बोल्ट समोरासमोर, दोन फेऱ्यांत आवळा; लोखंडी हौसिंगवर साधारण ४० न्यूटन-मीटर लागतं, पण ॲल्युमिनियमच्या कव्हरला बनवणाऱ्याने दिलेलाच आकडा घ्या. सीलंट ट्यूबवर लिहिल्याइतकं वाळेपर्यंत तेल भरू नका आणि वाळल्यावर बोल्ट पुन्हा आवळू नका.

ब्रीदर (ॲक्सलमधली हवा बाहेर सोडणारी नळी) मोकळा आहे का ते याच दिवशी फुंकून बघा. तो तुंबला की आतला दाब सीलमधून तेल ढकलतो आणि आळ नव्या कव्हरवर येतो. पहिल्या फेरीनंतर गाडी सपाट जागी थंड होऊ द्या, मग पातळी पुन्हा बघा. ट्यूबमध्ये तेल गेलेलं असतं, त्यामुळे थोडी भर घालावी लागते. जुनं कव्हर पुसून, तोंड खाली न ठेवता, जुन्या बोल्टांसह जपून ठेवा.