क्रॅपी ट्रोलिंगला थोडा कडक रॉड कसा निवडायचा

क्रॅपी म्हणजे अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा, त्याच्यासाठी रॉड मागितला की दुकानात हमखास लांबलचक, लवलवती काठी हातात देतात, आणि त्यात चूक काही नाही, कारण या माशाचं तोंड कागदासारखं पातळ, जरा जास्त ओढलं की फाटतं आणि मासा गेला. पण ती काठी बोट एका जागी उभी करून जिग (शिशाच्या डोक्याचा गळ) किंवा मिनो (आमिषाचा छोटा मासा) सोडायला ठीक आहे, ट्रोलिंगला, म्हणजे चालत्या बोटीतून गळ ओढत न्यायला, नाही.

आधी कुठलं ट्रोलिंग ते ठरवा. बोटीच्या पुढच्या बाजूला पंख्यासारखे रॉड लावून ताशी अर्ध्या मैलाच्या आसपास सरकत जायचं, म्हणजे स्पायडर रिगिंग, तर लाईनला अर्धा ते एक औंस शिसं असतं, मऊ रॉड त्या शिशानेच अर्धा वाकतो आणि वारा असला की टोक सारखं नाचतं, मग मासा लागला की नुसती लाट होती काय कळणार? क्रँकबेट, म्हणजे ओढले की पाण्यात डुलत खाली जाणारे खोटे मासे, ओढायचे असतील तर त्याहून कडक लागतो. मिसिसिपीत सार्डिस, एनिड, ग्रेनाडा या तलावांवर उन्हाळ्यात बँडिट ३०० वगैरे क्रँकबेट दीड ते दोन मैलाच्या वेगाने ओढतात, त्याला पाण्याचा ताण भरपूर येतो, आणि आधीच पूर्ण वाकलेला रॉड गळ रुतवायला काय जोर देणार.

आता नुसतं मीडियम लिहिलेला रॉड उचलू नका. पॉवर म्हणजे एकूण किती जोर लावल्यावर वाकतो आणि ॲक्शन म्हणजे कुठून वाकतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याला कंबर कडक पण टोक मऊ असा हवा. स्पायडर रिगिंगला मीडियम लाईट बहुतेक वेळा पुरतो, क्रँकबेटला मीडियम. दुकानात जाताना तुमचं नेहमीचं शिसं आणि थोडी लाईन खिशात टाका, टोकाला बांधा, रॉड आडवा धरा. वरचाच भाग हलका झुकला तर घ्या, मधोमध कमान झाली तर ठेवून द्या, आणि टोक हललंच नाही तर तोही नको, तो बास या जोरकस माशासाठीचा रॉड आहे. लोक कडक म्हणजे बासचाच रॉड आणतात आणि मग मासे सुटतात म्हणून कुरकुरतात.

रॉड कडक घेतला की बाकी ठिकाणी ढील ठेवावी लागते, म्हणजे क्रँकबेटला ब्रेडपेक्षा (विणलेल्या, न ताणणाऱ्या लाईनपेक्षा) साधी मोनो, म्हणजे एकपदरी नायलॉनची लाईन बरी, ती ताणली जाते आणि धक्का खाते, आणि रीलचा ड्रॅग, म्हणजे लाईन सुटू न देणारा ब्रेक, इतका सैल की मोठा मासा लागला तर लाईन थोडी सुटली पाहिजे. मासा लागल्यावर झटका मारू नका, बोट चालू असते तेवढ्यात गळ रुततो. आणि जाळं ठेवाच, उचलून बोटीत घ्यायला गेलात की तोंड फाटलंच.

लांबी एकसारखी नको. क्रँकबेटला ८ ते १६ फूट असे वेगवेगळे लावतात, लांब बाजूला आडवे आणि आखूड मागे, म्हणजे लायनी गुंतत नाहीत. लांब रॉडला होल्डरही दणकट लागतो, प्लास्टिकचा स्वस्तातला फिरतो.

सेट घेण्याआधी तुमच्या राज्यात माणशी किती लाईन चालतात ते बघा. मिनेसोटात बर्फ नसताना बहुतेक ठिकाणी एकच चालते, तिथे आठ रॉड घेऊन काय करणार.