आठवड्याच्या स्कीइंगला गुलमर्ग की औली?

आधी प्रवासाचे दिवस वजा करा. श्रीनगर विमानतळापासून गुलमर्ग साधारण 55 किलोमीटर, म्हणजे त्याच दिवशी पोहोचता. बर्फ जास्त असेल तर वाटेतल्या तंगमर्गला गाडी बदलून चाकांना चेन लावलेली गाडी घ्यावी लागते. उत्तराखंडातल्या औलीसाठी डेहराडूनहून पायथ्याच्या जोशीमठपर्यंतच घाटरस्त्याचा अख्खा दिवस जातो. येताना पुन्हा तेच, त्यामुळे सातातले पाचच दिवस हाती उरतात. जोशीमठ-औली रोपवे जमीन खचल्यामुळे जानेवारी 2023मध्ये बंद झाला. त्यामुळे बुकिंगआधी तो सुरू आहे का, हे विचाराच.

नवशिक्यांना औलीचा मोकळा, एकसंध उतार सोपा वाटतो, पण कमी बर्फाच्या वर्षी तिथे गवत दिसायला लागतं. म्हणून मुदतीत रद्द करता येईल असंच हॉटेल घ्या. गुलमर्गलाही खाली सौम्य उतार आहेत. मात्र गोंडोलाचा (केबल कारचा) दुसरा टप्पा सुमारे 3,950 मीटरवर अफरवट डोंगरावर नेतो. तिथे हिमस्खलनाचा धोका असतो, बर्फ दाबून सपाट केलेला नसतो. स्थानिक गाइड, ट्रान्सीव्हर (बर्फाखाली अडकलेल्याचा ठाव देणारं रेडिओ यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) नसेल तर तिथून स्कीइंग करू नका. वारा वाढला की हा टप्पा बंद होतो, तेव्हा एक-दोन दिवस राखीव ठेवा.

आमचा कौल फेब्रुवारीतल्या गुलमर्गला. भाड्याचे बूट एकाच मोज्यावर घालून बघा: गुडघे वाकवल्यावर टाच उचलली गेली तर एक नंबर लहान मागा. बाहेरचं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड न्या.