पुढच्या इयत्तेचं पुस्तक नको, भरतीची वही द्या

तिसरीतलं मूल पाचवीची गणितं सोडवायला लागलं की घरात पहिल्यांदा येतं ते सहावीचं पुस्तक. हे टाळा. तोच धडा वर्गात येईल तेव्हा मूल खिडकीबाहेर बघत बसणार आणि तक्रार तुमच्याकडे येणार. त्याला हवी असते सहज न सुटणारी, महिनाभर पुरणारी एखादी गोष्ट.

गोव्यात अशी गोष्ट दारात आहे: भरती-ओहोटी. दहा फुटी बांबूवर तळापासून दर पाच सेंटिमीटरला ऑइल पेंटची खूण करा. पूर्ण ओहोटीला तो धक्क्याच्या खांबाला सुतळीने दोन ठिकाणी घट्ट बांधा; हे काम मोठ्या माणसाचं. फेरीबोट लागते ती जागा नको, आकडा स्थिर राहत नाही. वहीत चार रकाने: तारीख, तिथी, वेळ, उंची. हे सगळं नोव्हेंबर ते मेदरम्यान करायचं. पावसाळ्यात नदीचं पाणी मिसळून आकडे बिघडतात आणि धक्काही निसरडा होतो.

पहिली चूक इथे होते. पूर्ण भरतीला पाणी बराच वेळ जागच्या जागी असल्यासारखं दिसतं, त्यामुळे मूल अंदाजाने वेळ लिहितं. त्याऐवजी पाणी चढताना एखाद्या खुणेला कधी लागलं आणि उतरताना त्याच खुणेवर कधी आलं हे टिपून मधली वेळ काढायला सांगा. दुसरी चूक मोठ्यांची: रात्रीच्या भरतीसाठी मुलाला उठवणं. तो रकाना रिकामा राहू दे, पण मनाने भरायचा नाही.

आठवड्याभरात दिसतं की भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. हे आधी सांगून टाकू नका. आजोबांनाही बजावून ठेवा. दहा-बारा नोंदी झाल्या की कोकणपट्टीतली जुनी रीत सांगा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, म्हणजे चतुर्थीला तीन. मग विचारा, आपल्या धक्क्यावर ही रीत किती चुकते आणि कुठल्या बाजूला? पाऊणपट म्हणजे रोज पंचेचाळीस मिनिटं, वही म्हणते पन्नास. यावर मूल तासभर डोकं खाजवेल. खाजवू दे. पुढचा प्रश्न खाजन शेतीतल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतातल्या मानशीचा (बांधातली पाण्याची दार असलेली वाट): तिचं दार भरतीला आपोआप का मिटतं?

डोकं बारा वर्षांचं आणि हात आठ वर्षांचा, असं या मुलांत सर्रास असतं. लिहायला कंटाळला तर त्याने सांगावं, तुम्ही लिहा. पण बोलण्यात तरबेज असलेलं आठ-नऊ वर्षांचं मूल वाचताना अडखळत असेल, अक्षरं उलटी काढत असेल, तर तपासणी करून घ्या. हुशारीच्या आड डिस्लेक्सिया वर्षानुवर्षं लपतो. बुद्ध्यांकाची चाचणी मात्र तिच्यावरून काही ठरवायचं असेल तरच.

गणेशचतुर्थीला घर भरलेलं असताना ‘पाव्हण्यांना तेवीसचा पाढा म्हणून दाखव’ नको. सारखं ‘किती हुशार’ ऐकणारं मूल चुकेल अशा गोष्टीला हातच लावत नाही. ‘मधली वेळ काढायचं कसं सुचलं?’ असं विचारा. गणपतीच्या वर टांगलेल्या रानफळा-फुलांच्या माटोळीबद्दलच्या त्याच्या प्रश्नांना वाट द्या: कुठलं फळ कुठल्या रानातलं, कुठल्या झाडाचं.

पुस्तकांसाठी पणजीत पाटोला कृष्णदास शामा ग्रंथालय आहे, यंत्रं हाताळायला मिरामारचं विज्ञान केंद्र. क्लास एकच, आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी पूर्ण मोकळ्या. सहा ते बारा वयात झोप नऊ तासांच्या खाली जाऊ देऊ नका. रात्रीच्या चिडचिडीचं कारण बहुतेकदा तेच.

शाळेत जाताना ‘आमचा मुलगा हुशार आहे’ हे वाक्य घरी ठेवून जा, बाईंना ते रोज ऐकायला मिळतं. त्याची वही न्या आणि एकच मागा: एकाच जातीची वीस गणितं देण्याऐवजी शेवटची पाच अवघड द्यावीत, ती सुटली तर बाकीची माफ.