नव्या घरात मांजर रुळवताना

शहापुरातलं जुनं घर सोडून आम्ही अनगोळला राहायला आलो, तेव्हा आमची मनी कपाटाखाली शिरली ती बाहेरच येईना. मांजराला घर कळतं ते वासावरून. गाल घासून ते दाराला, खुर्चीला आपला वास लावतं. नव्या घरात तो कुठेच नसतो. म्हणून तिला एकाच खोलीत ठेवलं आणि तिची जुनी वाकळ न धुताच अंथरली. मऊ फडक्याने तिचे गाल पुसले आणि तेच फडकं तिच्या उंचीवर भिंतींच्या कोपऱ्यांना, चौकटींना फिरवलं. सगळ्यात जास्त फरक यानेच पडला. तिला ओढून काढायचं नाही, हे पोरांना बजावलं होतं. जेवणाची वेळ जुनीच. रात्री ती आपणहून बाहेर येऊन हुंगू लागली, मग एकेक खोली उघडली.

बाहेर मात्र २-३ आठवडे सोडू नका. जुनं घर जवळ असलं की मांजर तिकडेच चालू लागतं, आणि वाटेत गाड्या, कुत्री. पहिल्यांदा सोडाल ते जेवणाआधी, भुकेलं असताना. आणि २४ तास काहीच खाल्लं नाही तर जनावरांचे डॉक्टर गाठा. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठू लागते, त्यात जीवही जाऊ शकतो.